हक्कसोडपत्र नोटरी केले तर चालेल का?

प्रश्न : नाशिकरोडचा आमचा फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे. ते मागच्या वर्षी वारले. वारस तिघे : आई (वय 78, खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणावर), पुण्याची बहीण आणि मी. आई व बहीण माझ्या नावे हक्क सोडायला तयार आहेत. सोसायटीने वारसांचे प्रतिज्ञापत्रही मागितले आहे. सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) कागद टाइप करून देणारे एक जण म्हणाले, ‘पाचशेच्या स्टॅम्पवर दोन्ही करून देतो. आईंना आणू नका, घरूनच अंगठा घेऊन या, नोटरीचा शिक्का मिळेल.’ तसे करू का?

उत्तर : करू नका. तुमचे दोन कागद दोन वेगळ्या जातीचे आहेत.

प्रतिज्ञापत्राला नोटरी चालते. हक्कसोडपत्राला नाही. फ्लॅटमधला हिस्सा सोडणे म्हणजे स्थावर मिळकतीतला हक्क सोडणे, आणि असा दस्त नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 प्रमाणे दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रारकडे) नोंदवावाच लागतो. नोंदवला नाही तर कलम 49 मुळे त्या दस्ताने हक्क इकडचा तिकडे होत नाही. स्टॅम्प पाचशेचा असो की पाच हजारांचा, नोटरीच्या शिक्क्याने ही उणीव भरून निघत नाही. सोसायटीने एखाद्या वेळी तो कागद घेतलाही, तरी पुढे फ्लॅट विकताना किंवा गहाण ठेवताना बँकेचा वकील सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदल्याचा सरकारी उतारा) मागेल आणि गाडी तिथेच अडेल. तोवर बहिणीचे मन बदलले किंवा आई राहिल्या नाहीत, तर सगळे पहिल्यापासून.

आईंचे काय? नोंदणी कायद्याच्या कलम 38 मध्ये आजारपणामुळे कार्यालयात येऊ न शकणाऱ्यांसाठी सोय आहे : दुय्यम निबंधक घरी येऊन ‘दस्त मीच करून दिला’ अशी कबुली घेऊ शकतात. याला गृहभेट म्हणतात. डॉक्टरांचा दाखला जोडून लेखी अर्ज द्या. वयामुळे बोटांच्या रेषा पुसट झाल्या असतील तर ठसा मशीनवर उमटत नाही. अर्ज देतानाच हे सांगून ठेवा. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करायचा असतो, म्हणून आधी बहिणीची सही घेऊन कागद कपाटात ठेवू नका.

बहिणीला यायला जमत नसेल तर तिने मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) द्यावे, पण तेही नोटरीकडचे नको. दस्त सादर करण्यासाठीचे मुखत्यारपत्र, देणारी व्यक्ती भारतात राहत असेल तर, ती राहते तिथल्या निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर करून साक्षांकित करावे लागते (कलम 33). म्हणजे पुण्यात. या अटीवर बरेच दस्त परत येतात. बहीण परदेशात असती तर तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करता आले असते.

आता प्रतिज्ञापत्र. मजकूर आधी पूर्ण तयार करा : मृत्यूची तारीख दाखल्याप्रमाणे, फ्लॅट क्रमांक खरेदीखताप्रमाणे, नावे आधार कार्डाप्रमाणे. एका कागदावर ‘सुमनबाई’ आणि दुसऱ्यावर ‘सुमन’ असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे मजकुरातच लिहा. कोरी जागा सोडू नका. खाडाखोड झालीच तर तिथे सही करा. पण शेवटची सही घरून करून नेऊ नका, ती नोटरीसमोरच करायची. मूळ ओळखपत्र, त्याची झेरॉक्स आणि फोटो बरोबर घ्या.

आईंचेही प्रतिज्ञापत्र लागले तर नोटरी घरी येऊ शकतात. नियमांत प्रवासखर्च घेण्याची तरतूद आहे. मजकूर वाचून दाखवला, त्यांना समजला आणि मग अंगठा घेतला, हे नोटरींनी कागदावर लिहिले पाहिजे. अंगठा कोणाचा, डावा की उजवा, हेही शेजारी लिहून घ्या. घरून आणलेल्या अंगठ्यावर ‘माझ्यासमोर केला’ असे लिहिणे म्हणजे खोटे प्रमाणपत्र, आणि उद्या वाद झाला तर उलटतपासात पहिला प्रश्न त्यावरच येईल.

कागद हातात आला की तिथेच उभे राहून तपासा. नोटरी नियम, 1956 प्रमाणे शिक्का गोल, पाच सेंटीमीटर व्यासाचा असतो; त्यावर नोटरीचे नाव, कार्यक्षेत्र आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव असते. कागदावरचा अनुक्रमांक व तारीख नोटरींच्या रजिस्टरातल्या नोंदीशी जुळवा, आणि रजिस्टरात तुमची सही झाली आहे ना ते पाहा. सही घेतली नसेल तर मागून करा. वर्षांनंतर कागदावर शंका आली की हीच नोंद उपयोगी पडते. फीचे दर नोटरींनी दर्शनी भागात लावायचे असतात आणि पावती द्यायची असते.

न विचारलेली एक गोष्ट सांगतो. आईंनी हक्क सोडलाच पाहिजे असे नाही. नोंदणीकृत हक्कसोड सहजासहजी मागे घेता येत नाही, आणि या वयात डोक्यावरचे छप्पर त्यांच्या नावावर असणे मोलाचे आहे. फक्त बहिणीचे हक्कसोडपत्र नोंदवा. आईंनी त्यांच्या हिश्श्याचे मृत्युपत्र करावे. त्याला नोंदणी सक्तीची नाही, नोटरीही नाही. आईंची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदारांत तुम्ही किंवा तुमची पत्नी नको. तरीही आईंना हक्क सोडायचाच असेल, तर त्याचा परिणाम त्यांना तुम्ही खोलीत नसताना एखाद्या वकिलाने समजावून सांगू दे.