कंसात लिहिलेलं वाक्य

प्रश्न : आम्ही नागपूरला प्रतापनगरात राहतो. लेक सात वर्षांची, दुसरीत आहे. एका सोमवारी सकाळी तिच्या लक्षात आलं, की खुंटीवरचा निळा रेनकोट तिचा नाही. तिच्या खिशात संत्रागोळीचे कागद असतात, यात दोन चिंचोके निघाले. झालं! आजोबांचं भिंग, जुनी वही आणि घरभर तपास. शेजारच्या चार वर्षांच्या मुलाला तिनं तीनदा विचारलं, तर तो चक्क ‘हो, मीच घेतला’ म्हणाला. आम्ही हसलो. मग तिनं सगळ्यांसमोर कामाच्या मावशींना विचारलं, ‘काल तुमची मुलगी आली होती, तिनंच नेला ना?’ (मावशींच्या मुलीकडे तसाच निळा रेनकोट आहे, असं मी सकाळी यांच्याशी सहज बोलले होते.) मावशी गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी मुलीचा रेनकोट पिशवीत घालून आणला, उलटा करून दाखवला आणि म्हणाल्या, ‘पाहून घ्या ताई.’ बुधवारी लेकीनं वर्गात चिंचोके दाखवले, ‘हे कुणाचे?’ पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. शनिवारी शाळेतच अदलाबदल झाली होती. मी मावशींना म्हटलं, ‘लेकरू आहे, मनावर घेऊ नका.’ त्या हो म्हणाल्या. पण आठ वर्षांत पहिल्यांदाच आमच्याकडे चहा घेत नाहीत. उपास आहे म्हणतात. लेकीचं हे डिटेक्टिव्ह-डिटेक्टिव्ह बंद करू का? तिला माफी मागायला लावू का?

ताई,

भिंग काढून घेऊ नका. त्या भिंगानं कुणाला दुखावलेलं नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. मावशींच्या मुलीवरचा संशय तुमच्या लेकीनं शोधून काढला नाही, तो तिनं सकाळी तुमच्या तोंडून ऐकला. तुम्ही आरोप केला नव्हता, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे जूनच्या अखेरीस शाळा उघडतात, पाऊसही त्याच सुमारास येतो, आणि सगळं नागपूर बर्डीवर रेनकोट घ्यायला लोटतं. तुमच्या इमारतीत, शाळेच्या ऑटोत, वर्गात असे निळे रेनकोट कितीतरी असतील. त्या सगळ्यांतून तुम्हाला आठवला तो मावशींच्या मुलीचा. हे वाचून तुम्हाला लागेल, पण ते टाळून मला पुढं लिहिता येत नाही.

मावशींसाठी हा एका रेनकोटाचा प्रश्न नव्हता. एका घरात चोरीचा शब्द निघाला की तो जिन्यानं खाली उतरतो आणि त्याच इमारतीतली बाकीची कामंही जातात. डॉ. रूपा कुलकर्णींनी आपल्या नागपुरात मोलकरणींची संघटना बांधली, २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदाही झाला. तरी आळ आला की बाईला एकटीलाच उभं राहावं लागतं. म्हणून मावशी पिशवी घेऊन आल्या. तुम्ही पुरावा मागितला नव्हता, पण तो द्यावा लागेल हे त्यांना ठाऊक होतं.

आता लेकीचं. तिच्या वयाला ‘हरवलं म्हणजे कुणीतरी घेतलं’ असंच वाटतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एका मुलाकडून दार ढकलताना नकळत १५ कप फुटले, दुसऱ्याकडून चोरून मुरंबा काढताना एक. जास्त चूक कुणाची? लहान मुलं बहुतेक १५ कपवाल्याचं नाव घेत. हेतू बघायला मूल हळूहळू शिकतं. चूक नाही, चोरी नाही, नुसती अदलाबदल झाली, हा पर्याय तिच्या वहीत अजून आलेलाच नव्हता.

पण तिनं एका आठवड्यात दोन प्रकारचे प्रश्न विचारले, ते बघा. घरी विचारलं, ‘कुणी घेतला?’ त्यातून चार वर्षांच्या पोराचा खोटा कबुलीजबाब निघाला. (तोच प्रश्न पुन्हा आला की लहान मुलांना वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं, आणि ती उत्तर बदलतात. त्याच्यावर हसू नका.) वर्गात विचारलं, ‘हे चिंचोके कुणाचे?’ आणि एक हात आपणहून वर आला. हा दुसरा प्रश्न तिचा तिला सुचला. मला तिचं फार कौतुक वाटलं. तिला तेवढं मोकळेपणानं सांगा.

खेळ वाढवायचा असेल तर स्टीलच्या पेल्यावर बोटं टेकवून वर टाल्कम पावडर भुरभुरा, मऊ ब्रशनं झटका. ठसे दिसतील. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये आपल्याच देशात, कोलकात्याला सुरू झालं. त्या ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन पोलीस अधिकाऱ्यांचं डोकं होतं. हे सांगता सांगता तिला विचारा : पेल्यावर आजीचा ठसा आहे, म्हणजे आजीनं पेला चोरला का?

माफीचं मात्र वेगळं. मावशींसमोर लेकीला उभं करून ‘सॉरी म्हण’ म्हणू नका. लेकरानं सॉरी म्हटलं की मावशींना ‘राहू दे बाळा’ म्हणावंच लागतं. म्हणजे ओझं पुन्हा त्यांच्याच डोक्यावर. आधी तुम्ही बोला. आळ सगळ्यांसमोर आला, तर माफीही सगळ्यांसमोर, आजोबा आणि लेक तिथं असताना. ‘ते माझ्या तोंडून गेलं होतं, मावशी. चूक माझी आहे.’ याला ‘लेकरू आहे’ जोडू नका. त्या दिवशी साडी नको, पैसे नको. चहा रोजच्यासारखा विचारा. उपास आहे म्हणाल्या तर आग्रह नको, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठंच नाही. मंगळवारी मावशींनी तो रेनकोट पिशवीत घालून तुमच्याकडे आणला, तेव्हा त्यांची मुलगी शाळेत काय घालून गेली? त्या दिवशी पाऊस होता का? लेकीला सोबत घेऊन त्या मुलीला भेटा, आणि हे तिलाच विचारा.