शुगर फॉर्मवर लिहायची का?

प्रश्न : माझे यजमान पीथमपूरला कारखान्यात आहेत. येत्या मार्चमध्ये ५८ पूर्ण होऊन रिटायर होतील. सात वर्षांपासून शुगर आहे, रोज दोन गोळ्या. आजवर कंपनीचा मेडिक्लेम होता, तो आता सुटेल. ओळखीचे एजंट म्हणतात, "वहिनी, शुगर लिहूच नका, प्रीमियम वाढेल. आता नियम बदललाय, पाच वर्षं झाली की कुणी काही विचारत नाही." हे खरं का? सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांना बीपी आहे. त्यांना कोण पॉलिसी देणार? – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, शुगर लिहा. किती वर्षांपासून आहे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, तेही लिहा.

मी बत्तीस वर्षं विम्याच्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावर काढली. माझ्या धाकट्या दिरांचा फॉर्म असाच एका ओळखीच्या माणसानं भरला होता. "रक्तदाब आहे का?" यापुढे "नाही", आणि खाली दिरांची सही. सही काळ्या शाईत, "नाही" निळ्या शाईत. तिसऱ्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. भरती करताना ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं आणि माझ्या जाऊबाईंनी घाबऱ्याघुबऱ्या खरं ते सांगितलं : पाच वर्षांपासून बीपीची गोळी आहे. डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलं. क्लेम त्या एका ओळीवर नामंजूर झाला, पॉलिसीही रद्द झाली. दवाखान्याचं बिल एफडी मोडून भरलं. लपवलेला आजार हुडकायला कंपनीला गुप्तहेर लागत नाही, आपलाच केसपेपर पुरतो. आणि दवाखान्यात खोटं सांगायचं म्हटलं, तर उपचारच चुकायचे.

तुमच्या एजंटानं नियम अर्धा सांगितला. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकानं, म्हणजे इर्डानं, दोन मोठे बदल केले. आधीच्या आजाराचा क्लेम मिळायला जास्तीत जास्त चार वर्षं थांबावं लागायचं (याला वेटिंग म्हणतात), ते आता तीन वर्षांवर आलं. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी यासाठी आठ वर्षं लागायची. पण त्याच नियमात "सिद्ध झालेली फसवणूक सोडून" असे शब्द आहेत. रोज गोळी घेणाऱ्या माणसानं "शुगर नाही" यावर सही केली, तर त्याला विसरभोळेपणा कोण म्हणेल? शिवाय पहिली पाच वर्षं जीव टांगणीला राहील तो वेगळाच. ५८ ते ६३ हीच तर जपायची वर्षं.

लिहिल्यानं प्रीमियम वाढू शकतो, हे खरं. शुगरशी संबंधित उपचारांसाठी काही काळ थांबावंही लागेल. पण त्या काळात अपघात झाला किंवा पहिल्या ३० दिवसांनंतर डेंग्यू झाला, तर क्लेम मिळतो. लोकांना वाटतं तीन वर्षं पॉलिसी नुसतीच पडून असते. तसं नाही.

आता तुमच्या एजंटानं बहुधा न सांगितलेली गोष्ट. नवी पॉलिसी शोधण्याआधी यजमानांना कारखान्याच्या एचआरकडे पाठवा. कारखान्यानं सगळ्यांसाठी मिळून घेतलेल्या, म्हणजे ग्रुप पॉलिसीतल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. विमा कंपनी तब्येत तपासू शकते, पण ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंगमध्ये धरली जातात. म्हणजे सात वर्षं शुगर सांभाळलेल्या माणसाला पुन्हा शून्यापासून मोजायची वेळ येऊ नये. हे नोकरीत असतानाच करा, निरोपसमारंभाचा हार गळ्यात पडल्यावर नाही. एचआरला तोंडी सांगून भागवू नका, ईमेल करा. विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि यजमान कधीपासून ग्रुपमध्ये आहेत, हे लेखी मागून घ्या.

फॉर्म यजमानांनी स्वतःच्या हातानं भरावा आणि पानापानाचा फोटो काढून ठेवावा. खरं लिहूनही पुढे क्लेम अडला, तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथं दाद लागली नाही, तर आपल्याकडचा विमा लोकपाल भोपाळला बसतो. फी नाही, वकील लागत नाही. माझ्या जाऊबाईंना तिथं जाऊनही उपयोग झाला नसता, कारण फॉर्मवर खोटं आमच्याच सहीनं होतं.

सासूबाईंची काळजी मात्र लगेच मिटेल. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. योजनेतल्या दवाखान्यांत भरती झाल्यास कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. जुन्या आजाराला वेटिंग नाही, बीपी पहिल्या दिवसापासून धरलं जातं. आधार कार्ड तेवढं हवं. या वयात बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, म्हणून पुष्कळ जण हात हलवत परत येतात. तसं झालं तर आयुष्मान ॲपवर चेहऱ्यावरून किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलच्या ओटीपीवरून ओळख पटवता येते. तो मोबाइल नंबर चालू आहे ना, तेवढं आजच बघून घ्या.