मुलगी ‘असल्या’ विषयात संशोधन करते, हे चारचौघांत सांगायचं कसं?

एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची, कराडकडची विद्यार्थिनी. पुण्यात एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पात मुलाखती घेण्याचं काम मिळत होतं. सल्ला विचारायला आली तेव्हा सोबत आई होती आणि आधी बोलली तीच: “मॅडम, उद्या स्थळं बघायला लागलो तर काय सांगू? पोरगी एड्सवाल्यांत बसते म्हणून?” मुलीची अडचण वेगळी. परक्या पुरुषाला असले प्रश्न विचारायचे तर तोंडच उघडणार नाही, असं तिचं म्हणणं.

आईच्या बोलण्यात संसर्गाची धास्तीही होती. ती लवकर मिटली. मुलाखत घेणारीचा रक्ताशी संबंध येत नाही. प्रयोगशाळेत काम पडणार असेल तर हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस आधी सुरू करावेत: पहिला, मग एका महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. बाधित रक्ताची सुई टोचली तरी एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. तेव्हा प्रतिबंधक गोळ्या लगेच, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या.

“पण तिथं मानसशास्त्रवालीचं काय काम?” हा आईचा प्रश्न मात्र रास्त होता. ‘एचपीटीएन ०५२’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पुणे आणि चेन्नईचीही केंद्रं होती. बाधित व्यक्तीला लवकर औषधं सुरू केली तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, हे तिच्यातून २०११ मध्ये दिसलं. पण गोळी रोज पोटात गेली तर. सासूला दिसू नये म्हणून डबी लपवणारी सून किंवा गावच्या जत्रेला जाताना गोळ्या घरीच ठेवणारा ड्रायव्हर यांच्यापाशी डॉक्टरची चिठ्ठी थांबते. तिथून पुढचं काम मानसशास्त्राचं.

मुलीच्या संकोचावर धीर देणारी भाषणं फुकट जातात. सवय करावी लागते. तिला प्रश्नावली मोठ्यानं वाचायला लावली. “गोळ्या नियमित घेता ना?” असं तिनं विचारलं. याला समोरचा ‘हो’च म्हणणार, कारण उत्तर प्रश्नातच आहे. त्याऐवजी: “बऱ्याच जणांची एखादी गोळी राहते. गेल्या चार दिवसांत तुमच्या किती राहिल्या?” कंडोमचंही तसंच. ‘नेहमी वापरता का’ याला माणूस चांगलं दिसेल ते सांगतो. ‘शेवटच्या वेळी वापरला होता का’ याला आठवून सांगतो.

मग कंडोम लावण्याचं लाकडी मॉडेलवर प्रात्यक्षिक. पाकिटावरची मुदत बघायची, दात किंवा कात्री न लावता कडेनं फाडायचं, टोक चिमटीत धरून हवा काढायची, मुळापर्यंत उलगडायचं. हमखास चूक म्हणजे उलटा लावला की तोच सुलटा करून पुन्हा लावणं. तो टाकून नवा घ्यायचा. तिसऱ्या खेपेला तिचा आवाज नेहमीसारखा झाला. ‘कंडोम’ म्हणताना खाली मान घातली की समोरचाही मान खाली घालतो आणि अर्धी माहिती बुडते.

गुप्ततेबाबत सवलत नाही. फॉर्मवर नावाऐवजी क्रमांक. नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कपाटात, कुलपात. मुलाखतीला ओळखीचं कुणी आलं तर सहकाऱ्याकडे सोपवायचं. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे, आणि हे घरी जेवतानाही लागू आहे, एवढं आईलाही सांगून ठेवलं. नातेवाइकांना ‘आरोग्य संशोधनात आहे’ एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही.

खरी काळजी करायची तर ती नेमणुकीची. या क्षेत्रातली बरीच पदं प्रकल्पाच्या पैशावर चालतात. निधी संपला की पद संपतं. स्थळाच्या चिंतेत हे कुणी विचारतच नाही. म्हणून रुजू होण्याआधी विचारायचं: प्रकल्पाचे किती महिने उरलेत, भविष्य निर्वाह निधी आहे का, फिरतीचा खर्च कोण देणार, शोधनिबंधात नाव येणार का, मिळालेली माहिती पीएच.डी.साठी वापरता येईल का. त्यासाठी नैतिकता समितीची परवानगी लागते, ती आधीच मागितलेली बरी. सोबत संख्याशास्त्र पक्कं करायचं. नुसत्या मुलाखती घेणाऱ्याची वाढ तिथंच खुंटते.

तिच्या हातातल्या पत्रात ११ महिन्यांची मुदत होती, मुदतवाढीबद्दल ओळही नव्हती. त्याचं लेखी उत्तर आल्यावरच होकार कळवायचा, असं मायलेकींनी ठरवलं.