टॅरँटुलाचे बंद बीळ उकरून पाहावे का?

आपण लिहिले आहे की, दोन वर्षांपूर्वी पिल्लू म्हणून आणलेला टॅरँटुला, म्हणजे बिळात राहणारा मोठा केसाळ कोळी, अजून दहा रुपयांच्या नाण्याएवढाच आहे, गेले अडीच महिने त्याने बिळाचे तोंड मातीने बंद करून घेतले आहे, आणि घरचे तो मेला असे म्हणत आहेत. तेव्हा बीळ उकरून पाहावे, की खाणे वाढवावे? उकरू नये. मी एकदा उकरले आहे आणि त्याची खंत मला आजही आहे, म्हणून हे उत्तर लिहितो.

मी जळगावला राहतो. माझ्याकडे मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडे आढळणाऱ्या, लालसर गुडघ्यांच्या ब्रॅकिपेल्मा हॅमोरी या जातीची मादी आहे. २०१७ साली आणली तेव्हा ती पाय पसरूनही तुरीच्या दोन दाण्यांएवढी होती. सुरुवातीला मी डब्यात आमच्या नानांच्या, म्हणजे चुलत्यांच्या, शेतातली काळी माती भरली होती. ती माती ओली असताना फुगते आणि वाळली की तडकते; दोन आठवड्यांत बिळाचे छत खचले. मग रोपवाटिकेतून आणलेला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि थोडी लाल माती मिसळून, दाबून, वीतभर थर केला, आणि त्यात तिने नव्याने खोदायला घेतले. विजेरीला लाल जिलेटीनचा कागद लावून मी एक अख्खी रात्र ते पाहिले. ती जबड्यांनी माती खरवडायची, तिला रेशमाचे वेढे देऊन तिचा गोळा करायची, तो जबड्यात धरून बिळाच्या तोंडाशी आणायची आणि ठेवून उलट पावली आत जायची. एका फेरीला तीन-चार मिनिटे लागत. गोळा मोहरीएवढा, आणि असे ढीगभर गोळे सकाळी बिळाभोवती पडलेले असत.

नानांची माती काढून टाकली हे नानांना खटकले. त्यांची यावल तालुक्यात केळी आहे. ऊतिसंवर्धित रोप लावले की अकरा-बारा महिन्यांत घड कापणीला येतो. जे डोळ्यांदेखत वाढत नाही त्याला रोग आहे किंवा ते मेलेले आहे, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. केळीच्या बाबतीत तो खराही आहे. दर भेटीत ते डब्यात डोकावत आणि पाच वर्षांत एवढीशीच वाढ, असे म्हणून मला वेड्यात काढत.

२०२२ च्या मार्चअखेर तिने बिळाचे तोंड बंद केले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाना आले, डबा हातात घेऊन म्हणाले, "हाई मरी गयं व्हई, फेकी दे." घरातल्या इतरांनीही त्यांचीच री ओढली. मला तोवर सगळे वाचून ठाऊक होते, तरीही वडीलधाऱ्यांसमोर माझे ठाम राहणे कमी पडले आणि मी चहाचा चमचा घेऊन उकरायला बसलो. चार बोटे खाली खोली लागली. पांढऱ्या रेशमाच्या चटईवर ती उताणी पडली होती, जुन्या कातीचे वरचे झाकण सुटलेले होते आणि पाय अर्धे आत, अर्धे बाहेर. नवी त्वचा ओलसर, फिकट. "पाय वर करी पडेल शे," असे म्हणून नानांनी मान हलवली आणि त्याच क्षणी बाजूची माती तिच्या अंगावर ढासळली. धडपडीत तिचा डावीकडचा तिसरा पाय कातीत अडकून मुळाशी तुटला. पाण्यासारखा थेंब आला. त्यावर मी कॉर्नफ्लॉवरची चिमूट दाबली आणि तो थांबला. ती वाचली.

यातली सर्वांत महत्त्वाची खूण घरच्यांना आजच सांगून ठेवा. टॅरँटुला आपले पाय शरीरातल्या द्रवाच्या दाबाने लांब करतो. मेल्यावर तो दाब जातो आणि पाय पोटाखाली मुठीसारखे आक्रसतात. उताणा पडलेला कोळी बहुधा कात टाकत असतो. हे काम तासन्‌तास चालते आणि त्या वेळी त्याला फुंकरही मारू नये. कातीआधी तो आठवडे किंवा महिने खाणे सोडतो. बिळाचे तोंड बंद करण्याचे कारणही बहुतेक हेच असते.

वाढीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: महिने मोजणे चुकीचे आहे, काती मोजाव्यात. कोळ्याचे शरीर कात टाकतानाच वाढते. पिल्लू महिन्या-दोन महिन्यांनी कात टाकते, पुढे हे अंतर वर्षभरावर आणि प्रौढ मादीत त्याहूनही लांबते. आमच्या मादीचा तुटलेला पाय ऑगस्ट २०२३ च्या कातीत काडीसारखा बारीक उगवला आणि नोव्हेंबर २०२४ च्या कातीत जवळजवळ इतरांएवढा झाला. एका चमच्याची भरपाई व्हायला अडीच वर्षे लागली, आणि नानांच्या हिशेबाने एवढ्या काळात केळीचे दोन बहार निघतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९७४ पासून निरीक्षणाखाली असलेली, टॅरँटुलाच्याच दूरच्या नात्यातली झडपदार बिळाची एक मादी ४३ वर्षे जगली आणि तीही गांधीलमाशीच्या परजीवी हल्ल्याने गेली, म्हातारपणाने नव्हे. तिने सारे आयुष्य एकाच बिळात काढले. हे मी नानांना सांगितले आहे. ते ऐकून घेतात, पण पटले असे अजून म्हणालेले नाहीत.

खाणे वाढवून वाढ घडवून आणण्याच्या मी विरुद्ध आहे. ऊब आणि भरपूर खाणे यांनी काती लवकर होतात हे खरे, परंतु पोट फार फुगलेला कोळी काचेवरून जरी पडला तरी पोट फुटून मरू शकतो. बीळ बंद असताना आत रातकिडा सोडूच नका. न खाल्लेला रातकिडा कातीतल्या मऊ कोळ्याला कुरतडतो. बिळाचे तोंड उघडल्यावरही आठ-दहा दिवस थांबा, सुळे पांढरे असेपर्यंत ते कडक झालेले नसतात. कपाशीच्या शेतातले नाकतोडे कधीही देऊ नका, कारण त्यांच्या अंगावर फवारणी असते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा मी डबा माठाच्या तिवईखाली ठेवतो आणि मातीचा एकच कोपरा ओला करतो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. बिळातून कुजका वास येत असेल, तर मात्र उघडून पाहावे लागेल. आपला कोळी नर असेल तर त्याचे आयुष्य मुळातच कमी, आणि शेवटच्या कातीनंतर तो बिळात फारसा राहणार नाही. त्याची जात आपण लिहिलेली नाही. आपल्याकडच्या जातींना अंगावरचे खाजरे केस उडवण्याचे शस्त्र नसते, त्या सरळ चावतात आणि तो चावा वेदनादायक असतो. सातपुड्यातून उकरून आणलेला असेल तर पुढच्या वेळी आणू नका. साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या, ब्रॅकिपेल्मासारख्या परदेशी जातीची नोंदणी वन विभागाकडे परिवेश या सरकारी पोर्टलवरून करावी लागते. ती झालेली नसेल तर बीळ बंद आहे तोवर तेवढे काम उरकून घ्या.