उंच गाडी, आईचे गुडघे आणि चवथीचं सामान

प्रश्न : घरी आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. हॅचबॅकमधे खाली वाकून बसताना आईचे गुडघे धरतात. क्रॉसओव्हर, म्हणजे कारच्याच सांगाड्यावरची उंच गाडी, वापरणारे खरंच खूश असतात, की नुसतीच उंच दिसते म्हणून घेतात? – एक वाचक, सांखळी

उत्तर : आईसाठी घेताय ना, मग डोळे झाकून घ्या म्हणणार नाही, पण शोरूमला आईलाच घेऊन जा. सीट कमरेच्या उंचीला आली की वाकावं लागत नाही, आडवं बसून पाय आत घेतले की झालं, वापरणारे बहुतेक सगळे पहिलं हेच सांगतात. मागे तिघं मात्र जरा दाटीवाटीनेच, मधल्याचे हाल ठरलेले. चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळं-भाज्यांचं) सामान, नारळ, पोरांच्या बॅगा सगळं डिकीत मावतं. साधारण 190-200 मिमी ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यातलं अंतर, असला की फेरीबोटीच्या रॅम्पवर बंपर घासायची भीती कमी, पावसातले खड्डेपण सुसह्य. पण ही जीप नव्हे हो! सांगाडा साध्या कारसारखाच आणि बहुतेकांत फक्त पुढची चाकं ओढतात, म्हणून किनाऱ्यावर वाळूत घालू नका, तिथे गाडी नेणं बेकायदा आहेच वर रुतली की ट्रॅक्टर शोधत फिरा. पाण्यात बंद पडली तर परत सेल्फ मारू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं आणि खर्च मोठा येतो. चोर्ला घाट उतरताना खालच्या गिअरमधेच ठेवा. मायलेज हॅचबॅकपेक्षा थोडं कमीच मिळेल, गाडी जड असते.