जुन्या मारुती ८०० चं टो घरी बघताना

टो म्हणजे पुढची दोन्ही चाकं वरून बघितल्यावर समोरच्या बाजूला एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर किती वळलेली आहेत ते. पाना हातात घेण्याआधी पुढचं चाक जॅकवर उचल, खाली स्टँड लाव आणि चाक डावी-उजवीकडे हलवून बघ. खटखट जाणवली तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा, म्हणजे टाय रॉड, चाकाला जोडणारा सांधा) बदल. ढिल्या सांध्यावर केलेलं माप टिकतच नाही, आणि नवशिके इथेच चुकतात.

मग गाडी सपाट फरशीवर, हवा सारखी, स्टिअरिंग सरळ. दोन्ही पुढच्या टायरांवर समोरच्या बाजूला, हबच्या उंचीवर, खडूने खूण कर आणि खुणांमधलं अंतर मोज. गाडी पुढे ढकलत त्याच खुणा मागच्या बाजूला तितक्याच उंचीवर आण, पुन्हा मोज. खुणा त्याच राहिल्याने टायरचा वेडावाकडेपणा मापात येत नाही. समोरचं माप कमी तर टो-इन, जास्त तर टो-आउट. किती हवं ते तुझ्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घे.

माप जुळत नसेल तर टाय रॉड फिरवायचा; त्यासाठी आधी त्याला जागेवर घट्ट धरणारा लॉक नट सोडव. तो सुटत नसेल तर गंजावर तेल मारून रात्रभर ठेव. टाय रॉडवरच्या रबरी बूटची (आवरणाची) क्लिप सैल कर, नाहीतर बूट पिळवटून फाटतो. दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखेच फिरव, एकावेळी पाव फेरा. गाडी थोडी पुढे-मागे ढकलल्याशिवाय परत मोजू नकोस. शेवटी लॉक नट घट्ट, क्लिप जागेवर. कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाकाचा आत-बाहेर कल) मात्र दुकानातच तपासून घे.