जुन्या इम्पालाला चार गिअरचा ऑटोमॅटिक: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे १९६४ची शेव्हरोले इम्पाला आहे. मूळ २८३ व्ही-८ इंजिन, दोन गिअरचा अ‍ॅल्युमिनियम पॉवरग्लाइड, मागच्या एक्सलचं गुणोत्तर ३.३६. गायमुखच्या चढावर पिकअप नाही आणि हायवेला इंजिन नुसतं ओरडतं. चार गिअरचा ऑटोमॅटिक बसेल का? कोणता घ्यावा?
– वाचक, कासारवडवली

उत्तर: बसेल. जनरल मोटर्सचे दोन गिअरबॉक्स तुमच्या कामाचे आहेत: ७०० आर ४ आणि २०० ४ आर. दोन्ही हायड्रॉलिक आहेत, कॉम्प्युटर लागत नाही. १९९३ पासूनचा ४ एल ६० ई स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्याला वेगळा कंट्रोलर आणि सेन्सर लागतात, तुमच्या केबलवाल्या स्पीडोमीटरचीही अडचण होते.

आमचं मत २०० ४ आरच्या बाजूने आहे, कारण जागा. १९६४च्या इम्पालाची चासी एक्स आकाराची, मधला बोगदा अरुंद. २०० ४ आर सुमारे २७.७ इंच लांब आहे, ७०० आर ४ त्याहून सुमारे ३ इंच जास्त. गिअरबॉक्स लांबला की पुढचा प्रोपेलर शाफ्ट कापावा लागतो. ऑर्डर देण्याआधी जुन्या बॉक्सची दोन मापं स्वतः घ्या: बेल हाउसिंगच्या (इंजिनाला टेकणाऱ्या पुढच्या भागाच्या) तोंडापासून मागच्या ऑइल सीलपर्यंत, आणि त्याच तोंडापासून माउंटिंगच्या बोल्टपर्यंत. पहिलं माप जुळलं तर शाफ्टला हात लावावा लागत नाही. दुसरं बहुतेक जुळणार नाहीच, २०० ४ आरचं माउंटिंग बरंच मागे येतं. त्यासाठी बोल्टने बसणारा नवा क्रॉसमेंबर, म्हणजे गिअरबॉक्स पेलणारा आडवा तुकडा, करून घ्या. चासीवर वेल्डिंग नको, कारण खालच्या व्हीए (व्हिंटेज गाड्यांच्या) नोंदणीच्या उत्तरात आहे.

२०० ४ आर घेताना केसवरची भोकं बघा. काही केसेसवर शेव्हरोलेचं पॅटर्न नसतं, फक्त ब्युइक-ओल्ड्समोबील-पॉन्टिअ‍ॅकचं असतं. ती तुमच्या ब्लॉकला लागत नाही. फ्लेक्स प्लेट, म्हणजे इंजिनाची क्रँक आणि टॉर्क कन्व्हर्टर जोडणारी चकती, १९८५ पर्यंतच्या दोन तुकड्यांच्या रिअर सीलच्या इंजिनाचीच हवी. १९८६ नंतरच्या क्रँकचं बोल्ट वर्तुळ लहान झालं, ती प्लेट चढत नाही. ७०० आर ४ घेतलाच तर १९८७ ते १९९२ मधला घ्या. १९८४ पर्यंतच्या बॉक्सची इनपुट शाफ्ट २७ स्प्लाइनची (दात्यांची), त्यानंतर ३० स्प्लाइनची. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा डबा) त्याप्रमाणे जुळवून घ्यावा लागतो.

फायदा किती, ते आकड्यांत बघा. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.८२ धरला तर एक्सलसकट एकूण ६.१ होतो. २०० ४ आरचा पहिला २.७४, म्हणजे एकूण ९.२. चढावरचं दुखणं इथेच संपतं. चौथा ०.६७ आहे. २७ इंची टायरवर १०० किमी वेगाला सध्या इंजिन सुमारे २,६०० फेरे घेतं, ते १,७५० वर येईल. ८० ला मात्र १,४०० च्या आसपास उरतात आणि इंजिन रडतं. म्हणून घोडबंदरला दांडी डी वर, तिसऱ्यातच ठेवा. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा, नाशिक हायवेसाठी.

बसवताना सर्वांत महाग चूक कन्व्हर्टरची होते. आधी त्यात लिटरभर ऑइल ओता, मग तो शाफ्टवर चढवून फिरवत आत ढकला. टप्प्याटप्प्याने खटके लागतात. शेवटचा खटका पंपाच्या खाचेचा. तो लागला नसताना बेल हाउसिंग ब्लॉकला टेकत नाही, आणि घाईतला मिस्त्री बोल्ट आवळून ती ओढून घेतो. पंप तिथेच फुटतो. बेल हाउसिंग हातानेच टेकली पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्स प्लेटपर्यंत पुढे यायला ३ ते ५ मिमी जागा उरली पाहिजे. हे फीलर गेजने मोजा, नजरेने नको.

पॉवरग्लाइडच्या मॉड्युलेटरची (इंजिनाच्या भारानुसार प्रेशर बदलणाऱ्या डबीची) व्हॅक्यूम नळी आता लागत नाही. मॅनिफोल्डवर तिच्या जागी बूच मारा, नाहीतर आयडलिंग बिघडेल आणि दोष कार्बोरेटरला लागेल. दांडीच्या जागा पाचाऐवजी सात होतात, म्हणून गिअरबॉक्सवरच्या आर्मची लांबी बदलावी लागते. तयार किट डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांसाठी असतात. आपल्याकडे तो आर्म वागळे इस्टेटमधल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये करून घेणंच बरं. प्रत्येक जागेचा खटका गिअरबॉक्सच्या लिव्हरवर हाताने तपासा. दांडी दोन खटक्यांच्या मध्ये राहिली तर क्लचला अर्धंच प्रेशर मिळतं.

प्रश्न: गॅरेजने ७०० आर ४ बसवून दिला. सुरुवातीला गिअर लोण्यासारखे पडत होते. तीन महिन्यांत तिसरा-चौथा घसरायला लागला, ऑइल काळं आणि जळका वास. बॉक्सच खराब होता का?
– वाचक, नेरूळ

उत्तर: बॉक्सवर संशय घेण्याआधी टीव्ही केबल बघा, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल. लोण्यासारखे पडणारे गिअर हेच पहिलं लक्षण होतं. बरेच मिस्त्री ही केबल जुन्या किकडाउनसारखी (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) समजतात आणि सैल ठेवतात. या बॉक्समध्ये तिचं काम फार मोठं आहे: इंजिनावर किती भार आहे हे तिच्यावरूनच कळतं आणि ऑइलचं लाइन प्रेशर त्याप्रमाणे वाढतं. केबल सैल म्हणजे प्रेशर कमी. गिअर लवकर आणि मऊ पडतात, गाडी छान वाटते, आणि आत ३-४ क्लचच्या प्लेट घसरून जळत असतात.

सेटिंग असं करा. इंजिन बंद. केबलच्या कार्बोरेटरकडच्या टोकाला बटण असतं, ते दाबून स्लायडर कार्बोरेटरपासून दूर, पूर्ण मागे ढकला. बटण सोडा. मग एकाने आत बसून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. स्लायडर कटकट करत आपोआप जागेवर येतो. त्याच वेळी दुसऱ्याने बघायचं की कार्बोरेटर खरंच पूर्ण उघडला का. जाड कार्पेट किंवा वाकलेली दांडी पेडलला मध्येच अडवते, आणि मग सगळं सेटिंग खोटं ठरतं.

एवढ्याने भागत नाही. जुन्या रोचेस्टर कार्बोरेटरचा आर्म या केबलसाठी बनलेलाच नाही. थ्रॉटल शाफ्टच्या मध्यापासून केबलच्या पिनपर्यंत सुमारे २८ मिमी अंतर लागतं. कमी असेल तर शेवटाला खेच पुरत नाही, जास्त असेल तर केबल आधीच संपते. तशी पट्टी करून लावा आणि टेस्ट पोर्टला प्रेशर गेज जोडून बघा: थ्रॉटल हलताच काटा चढायला लागला पाहिजे. हे झाल्याशिवाय गल्लीतसुद्धा चालवू नका.

बॉक्स आता उघडावाच लागेल. कन्व्हर्टर आतून साफ होत नाही, तो बदला. कूलरच्या नळ्या आणि रेडिएटरमधला कूलर फ्लश करा, नाहीतर जुना चुरा नव्या क्लचमध्ये जाईल. रेडिएटरनंतर बाहेरचा एक प्लेट कूलरही जोडा. मे महिन्यात सायन-पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये रेडिएटरचा कूलर एकटा पुरत नाही. लॉक-अपची (कन्व्हर्टर घसरू न देता घट्ट जोडणाऱ्या यंत्रणेची) वायर ब्रेक स्विचमधून न्या, म्हणजे ब्रेक दाबताच लॉक सुटेल. लॉक-अप न जोडता ओव्हरड्राइव्हमध्ये पळवलं तर कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ऑइल तापतं.

ऑइल डेक्सरॉन. कोरड्या बॉक्सला एकूण साधारण १० ते ११ लिटर लागतं. आधी ५ लिटर घालून इंजिन चालू करा, ब्रेक दाबून दांडी सगळ्या जागांवरून फिरवा, मग डिपस्टिक बघत थोडं थोडं वाढवा.

प्रश्न: नव्या गिअरबॉक्सनंतर ७०-८० ला सीटखाली थरथर येते. शाफ्ट बॅलन्स करून आणला, तरी तसंच.
– वाचक, कोपरी

उत्तर: शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर दोन्ही तुकडे जुन्या खुणेवरच जोडले आहेत का ते बघा. उतरवण्याआधी सेंटर पंचने खूण करायची राहते आणि क्रॉसची (शाफ्टच्या सांध्याची) दिशा चुकते. ते बरोबर असेल तर नव्या क्रॉसमेंबरची उंची तपासा. गिअरबॉक्सचं शेपूट वर-खाली झालं की क्रॉसचा कोन बदलतो. १ ते ३ अंश ठीक. माउंटिंगखाली पातळ पट्ट्या घालून अँगल गेजने जुळवा. शेवटी सेंटर बेअरिंगचं रबर.

प्रश्न: गिअरबॉक्स बदलल्यावर व्हीए नोंदणी मिळेल का?
– वाचक, वाशी

उत्तर: २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार झालेला नको. गिअरबॉक्सचं नाव त्यात नाही, पण ‘मूळ स्वरूप’ हे शब्द आहेत. म्हणून आमचा आग्रह: बोगदा कापू नका, चासीला भोक पाडू नका आणि जुना पॉवरग्लाइड विकू नका. त्यात ऑइल भरून, तोंडं बंद करून, कोरड्या जागी ठेवा. मूळ क्रॉसमेंबर आणि शाफ्टसुद्धा. नोंदणीचं काम व्हायचं असेल तर ते आधी करा, आणि बदल करण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारा. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. ही नोंदणी घेतल्यावर गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला न्यायची असेल तर ती घेऊ नका.

प्रश्न: प्रीमियर पद्मिनीला ऑटोमॅटिक बसेल का?
– वाचक, ऐरोली

उत्तर: नको. १,०८९ सीसीच्या इंजिनाची जेमतेम ४० हॉर्सपॉवर, त्यातली बरीच कन्व्हर्टर खाईल, आणि तयार बेल हाउसिंगही नाही. गिअरच्या दांडीचे बुश बदला, निम्मा त्रास जाईल.